बदलीची बंदूक

मी जन्माचा संशयी माणूस. दूधवाला समोर असतानाच मी दुधात बोट बुडवून पाहतो, आणि बँकेत मिळालेल्या नोटा रांगेतले लोक कुरकुरेपर्यंत मोजत राहतो. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ खरंच नवं आहे की जुन्याला पॉलिश केलंय, हे पाहायला मी ते शहरातल्या गुलमंडीवरच्या घड्याळजीकडं उघडायला नेलं होतं. बायकोला हे कळलं तेव्हा ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. घड्याळ नवंच निघालं, पण तेवढ्यानं माझा स्वभाव काही गेला नाही. उलट मला वाटलं, घड्याळजी आणि सासरे एकमेकांच्या ओळखीचे असतील.

वडिलांचा स्वभाव याच्या नेमका उलटा आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. बाजारात बैलाच्या सौद्यात दोघांचं बिनसलं की लोक त्यांना पंच म्हणून बोलवत. आमच्या भागातल्या बैलबाजाराची एक रीत होती. रोखीनं जनावर विकलं तर विकणाऱ्यानं त्याची खोड आपणहून सांगायची. मारका असेल तर मारका, नांगराला बसत असेल तर बसतो, असं चार लोकांत बोलायचं, आणि लपवलेली खोड आठवडाभरात उघडी पडली तर पैसे मुकाट्यानं परत करायचे. बैलाला बैल दिला, म्हणजे बदली झाली, तर मात्र कुणी कुणाला काही सांगायचं नाही. ज्यानं त्यानं आपले डोळे वापरायचे. बदलीचं जनावर दावणीला बांधलं की तक्रार संपली. वडील हा न्याय वर्षानुवर्षं करत आले होते आणि तो सगळ्यांना मान्य होता.

आमच्या घरी एक दुनळी बंदूक होती. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर जहागिऱ्या गेल्या, कुळकायदा आला आणि मोठ्या घरांतली हौसेची हत्यारं एकेक करून बाहेर निघायला लागली. वडिलांनी त्या काळात शेजारगावच्या एका जमीनदाराला दुभती म्हैस देऊन ही बंदूक घेतली. इंग्लिश बनावट, दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवर वेलबुट्टी कोरलेली, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. कचेरीत परवान्यावर रीतसर नोंद झाली. पिकात रानडुकरं घुसली की वडील ती काढत, एरवी ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून खोलीत असे.

पुढं मी नोकरीला लागून शहरात राहायला आलो. पाटबंधाऱ्याच्या हापिसात कारकून होतो. एका उन्हाळ्यात वडील आले आणि म्हणाले, "खांदा लई दुखतो रं. दुनळी आता पेलत नाय. हलकी एकनळी बघ कुणाकडं. बदलीत."

मी शहरातल्या एका बंदुकीच्या दुकानात चौकशीला गेलो. हत्याराशिवायच गेलो, कारण परवाना वडिलांच्या नावावर. दुकानदार मवाळ बोलणारा माणूस होता. मी वर्णन सांगितलं तसा म्हणाला, "रोखीनं द्यायची असेल तर चारशे. माझ्याकडची एकनळी बदलीत घ्याल तर सहाशे धरीन." दोनशे रुपये एकदम हवेतून कसे आले, हे मला कळेना. मग मी एकनळीची किंमत विचारली. रोखीनं साडेतीनशे, आणि बदलीत साडेपाचशे. म्हणजे इकडं फुगवून दिलेलं तिकडून काढून घ्यायचं, वर गिऱ्हाइकानं आपली बंदूक सहाशेला गेली म्हणून खुशीत घरी जायचं. मी दुकानदाराकडं असं काही पाहिलं की तो कपाटातली काडतुसं लावायला लागला.

दुकानातून बाहेर पडलो तर माझ्या मागोमाग एक गृहस्थ आले. अंगात पांढरा झब्बा, गळ्यात मापाची टेप, डोळे हसरे. आत काडतुसं घेताना त्यांनी आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं. ते गुलमंडीच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करत. शेरवानी आणि बंद गळ्याचे कोट ही त्यांची खासियत, आणि सगळे त्यांना मास्टर म्हणत. फर्दापूरजवळ त्यांच्या सासरवाडीची चार एकर जमीन होती. अजिंठ्याच्या डोंगरातली डुकरं तिथला मका दरसाल लोळवून जायची.

"मेरे पास एकनळी है, पुरानी बेचके दो साल पहले नयी ली," ते म्हणाले. "पण डुकरावरची पहिली गोळी चुकली की दुसरी भरेपर्यंत तो अंगावर येतो साब. मेरेकू दुनळी होना. आपको एकनळी होना. दुकानवाले कू बीच में कायकू लाना?" आणि वर म्हणाले, "आपली दुनळी भारी आहे. मी वरून दोनशे रोख देतो."

मला खात्रीच पटली की हा माणूस लबाड आहे. न मागता दोनशे रुपये देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्याच्या एकनळीत नक्की काहीतरी भानगड असणार, किंवा आमच्या दुनळीवरच्या इंग्रजी नावाची खरी किंमत त्याला ठाऊक असणार. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं की रोखीनं विकू, रोखीनं दुसरी घेऊ, दोन्ही भाव वेगवेगळे ठरवू, म्हणजे कुठं फसतोय ते दिसेल. वडिलांनी ऐकूनच घेतलं नाही. "रोख नको. बदलीच कर. आन् वरचे पैसे बी नको."

हे ऐकून मी चाटच पडलो. वडील म्हणजे एसटीच्या तिकिटाचे सुटे पाच पैसे परत घेतल्याशिवाय खाली न उतरणारे गृहस्थ. ते दोनशे रुपयांवर पाणी सोडतात? मी चिडून म्हणालो, "रोखीचा भाव काढा, बदलीचा भाव काढा, फरक मागा, हा सरळ हिशोब आहे. त्या माणसानं तुमच्यावर काही जादू केलीय का? तुम्ही तर त्याला अजून पाहिलंही नाही." ते म्हणाले, "पैसे घेतले की सौदा रोखीचा होतो. मला बदली पायजे." मला वाटलं म्हातारपणी हट्टीपणा आला. यापुढं मी काही विचारलं नाही, आणि ही माझ्या आयुष्यातली एकुलती एक वेळ, जेव्हा मी खोदून विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही.

ठरल्या दिवशी वडील सकाळच्या पॅसेंजरनं आले आणि आम्ही मास्टरच्या दुकानी गेलो. शिवणयंत्र बाजूला सारून मास्टरनं कापड कापायच्या टेबलावर स्वच्छ चादर घातली होती. दोन्ही बंदुका तिच्यावर ठेवल्या. मी त्यांची एकनळी उचलली, बिजागरीपाशी मोडून दाराकडं धरली आणि नळीतून आरपार पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. आत आरशासारखं लख्ख. चाप ओढून पाहिला, दस्त्याला कुठं तडा आहे का म्हणून नखानं कुरतडून पाहिलं, नंबर परवान्याशी ताडून पाहिला. मास्टर शांतपणे उभे होते. मधेच त्यांनी चहा मागवला. त्या चहाचाही मला संशय आला, म्हणून मी तो वडिलांनी पिऊन झाल्यावर घेतला.

मास्टरनं आमची दुनळी नळीतून पाहिलीच नाही. ते वेलबुट्टीवरून बोट फिरवत होते. दोन्ही नळ्यांना मिळून, जिथं डावा हात धरतो तिथं, वडिलांनी चामड्याची एक पट्टी शिवून घेतली होती. उन्हात नळी तापते, हाताला चटका बसतो म्हणून. मास्टर त्या पट्टीपाशी थांबले. शिवणारा माणूस शिवणीपाशीच थांबणार. टाक्यावर अंगठा दाबून त्यांनी विचारलं, "ये टाका किसने डाला? क्या बारीक काम है!" वडील म्हणाले, "आमच्या गावच्या चांभारानं." आणि पहिल्यांदाच मला दिसलं की वडिलांनी मास्टरच्या डोळ्यांकडं न बघता भिंतीकडं बघून उत्तर दिलं. दिसलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. माझा सगळा संशय मास्टरवर खर्च होऊन गेला होता.

पैसे नको म्हटल्यावर मास्टर बेचैन झाले. "ऐसा कैसा? आपली बंदूक माझ्या बंदुकीच्या दीडपट आहे. हे माझ्या जिवाला लागेल." वडील काही केल्या ऐकेनात. शेवटी मास्टर म्हणाले, "मग यांना एक बंद गळ्याचा कोट शिवून देतो. कापड माझं." वडिलांनी जरा विचार केला आणि कोट म्हणजे रोख नव्हे असं ठरवून मान डोलावली. मास्टरनं तिथल्या तिथं माझं माप घेतलं. नंतर ते म्हणाले, "विकत घेतलेल्या चीज में शक रहता है साब. अदलाबदली तो घरवालों में होती है." त्यांच्याकडं बदलीचा अर्थ हा होता. आम्ही कुठल्या बाजारातून आलोय याची त्यांना कल्पना नव्हती.

अर्ज, चलन, पोलीस ठाण्यात दाखवणं यात दीड महिना गेला. कचेरीतल्या कारकुनानं दोन्ही बंदुकांचे नंबर वाचले, अर्जावर स्टॅम्पचं तिकीट लावलंय का ते पाहिलं आणि शिक्के मारले. नळीच्या आत पाहणं त्याच्या कामात नव्हतं. आम्ही एकनळी खोळीत घालून स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर वडील एकदम हसले. मोठ्यांदा नाही, मनातल्या मनात हसतात तसे.

"काय झालं?" मी विचारलं.

"सुटलो," ते म्हणाले. "आठ वर्षं ती डावी नळी भरलीच नाय मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एका पावसाळ्यात बंदूक कोनाड्यात उभी राहिली होती. कुंभारीण माशीनं डाव्या नळीत मातीचं घर केलं. वडिलांनी न बघता बार काढला. नळी फुटली नाही, पण मधेच फुगली. बाहेरून बोटाला लागेल एवढी, आणि आतून पाहिलं तर काळं कडं दिसेल अशी. चामड्याची पट्टी त्या फुगवट्यावर शिवली होती. पुढं कधीतरी तिथंच ती फाटणार हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"आन् त्यांना सांगितलं नाही?"

"बदलीत सांगत नसतेत. त्यानं बघायला पायजे व्हतं. तू नाय का त्याची तीनदा बघितली?"

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, हे मला आजही सांगावंसं वाटतं. त्यांना खरोखर वाटत होतं की सौदा चोख झालाय. म्हणून तर त्यांनी दोनशे रुपये सोडले होते. ते घेतले असते तर खोड सांगावी लागली असती, आणि ते खोटं बोलणारे नव्हते. त्या पट्टीवर आता मास्टरचा डावा हात असणार होता. ज्या हातानं ते कापड धरतात, तो.

उठावं आणि सरळ गुलमंडीला जावं, एवढंच करायचं होतं. मी वडिलांना गाडीत बसवलं आणि हापिसात गेलो. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा आठवडा झाला. सांगितलं तर सगळे कागद उलटे फिरवावे लागतील, पंच म्हणून मिरवलेल्या बापाला परक्या माणसासमोर खाली मान घालावी लागेल. याहून खरी गोष्ट म्हणजे मला मास्टर लबाड ठरायला हवे होते. रविवारी गावी जाऊन मी ती एकनळी सुटी केली. एकेक भाग कापडावर मांडून पाहिला. कुठं गंज, कुठं झीज, कुठं बदललेला स्क्रू, काहीतरी सापडावं. त्यांनीही लपवलं, आम्हीही लपवलं, मिटलं, असं म्हणता यावं. दोन तास बसलो. बंदुकीत काहीही दोष नव्हता. दोष सापडला नाही म्हणून मला इतका राग येईल असं मला वाटलं नव्हतं.

कोटाच्या ट्रायलला मी तीनदा टाळाटाळ केली, मग गेलो. मास्टरनं कच्चे टाके घातलेला कोट माझ्या अंगावर चढवला. तोंडात टाचण्या धरून ते माझ्याभोवती फिरत होते आणि टाचण्यांच्या फटीतून बोलत होते. मका भरायला लागलाय, पंधरा दिवसांत फर्दापूरला जाणार. अजून एकही बार काढला नाही. काडतुसं आणून ठेवलीत, त्याच दुकानातून. बारा वर्षं तिथूनच घेतो. त्यांनी माझ्या खांद्यावरची सुरकुती डाव्या हाताच्या दोन बोटांनी हलकेच ओढून सरळ केली, आणि मी मनात म्हटलं, आता सांग.

मी म्हणालो, "मास्टर, बंदूक जुनी आहे. जरा जपून वापरा."

"हौ हौ," ते म्हणाले. "आपके वालिद की निशानी है. बच्चे के जैसा संभालूंगा."

एवढंच. अर्धं सांगितलं आणि पूर्ण सांगितल्यासारखं स्वतःला पटवून मी घरी आलो. त्या दिवशी मला झोपही चांगली लागली, याची मला जास्त लाज वाटते.

दिवाळी झाली. कोट न्यायला यावं असा निरोप आला नाही. कोटाचं कापड मास्टरनं दुसऱ्याला विकलं असेल, असा विचार माझ्या मनात आला. हो, तेव्हासुद्धा हाच विचार आला. मग एका शनिवारी मी स्वतःच गेलो. यंत्रावर कुणी दुसराच माणूस बसला होता. मास्टर आतल्या बाजूला खुर्चीत होते. डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती, आणि पट्टीचा आकार पाहूनच कळत होतं की आत सगळी बोटं नाहीत.

मला पाहून ते उठून उभे राहिले. मी काही बोलायच्या आत त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला.

"साब, माफ करो," ते म्हणाले. "आप बोले थे, जपून वापरा बोलके. माझ्याकडून नाही जमलं. डावी नळी फुटली. आपके वालिद ने इतने साल संभाली, मैंने एक महिने में बरबाद कर दी. त्यांना काय तोंड दाखवू, या विचारानं निरोपच दिला नाही."

मरताना लोकांना सगळं आयुष्य दिसतं म्हणतात, मला फक्त ती स्टेशनवरची दुपार दिसली. हा माणूस माझी माफी मागत होता. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्या क्षणी बंदूक देणाऱ्याची गचांडी धरली असती. त्याच्या मनाला तो विचार शिवलासुद्धा नव्हता. आता मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

मी म्हणालो, "नळीचं काय सांगता, मास्टर. काडतूस जुनं असेल."

हळूहळू मास्टरच्या कपाळावर आठी पडली. "काडतूस?" ते म्हणाले. "बारा साल से लेताऊँ उनके पास से. उन्होंने मेरेकू पुराना माल दिया?" मी नको नको म्हणत होतो तरी त्यांनी कोट घडी घालून माझ्या हातात दिला.

पुढं मास्टरनं कात्री पुन्हा हातात घेतली, पण शेरवानी सोडली आणि पायजमे, लेंगे असलं सरळ काम ठेवलं. बंदुकीच्या दुकानासमोरून जाताना ते रस्ता ओलांडून पलीकडं जात. दुकानदार आतून सलाम करी, हे मान वळवत. वर्षभरानं तो मवाळ दुकानदार मला बाजारात भेटला. माझा हात धरून म्हणाला, "मास्टर माझ्यावर का नाराज आहेत, कळत नाही हो. बारा वर्षांचं घरच्यासारखं होतं. माझ्याकडून काय चुकलं, तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी म्हणालो, "नाही बुवा."